फोटोतलं काळं कुंकू

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत शिकूनही जमलं नाही, ते पोटात घालावं. पण देवीने आम्हाला कसं सांभाळलं ते कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटतं.

आमचे हे बदलापूरच्या मागच्या डोंगरात दगडाच्या खाणीवर मुकादम होते. तिथली देवी म्हणजे एक उभा दगड. रोज सुरुंग लावण्याआधी हे स्वतः तिला शेंदूर लावत. पुढे खाण बंद पडली, वस्ती उठली. यांना अंबरनाथला कारखान्यात काम लागलं. देवीला जागेवरून हलवायचं नसतं, म्हणून ती तिथेच राहिली. मग यांचं पोट दुखू लागलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर केलं नाही तर जिवाला धोका आहे. हे ऐकेनात. "तिला उघड्यावर टाकून आलो. ती मला टेबलावरून उठू देईल?" मी म्हटलं, मी वर जाऊन बघून येते. तर म्हणाले, "तू माझं मन राखायला काहीही सांगशील. फोटो आण."

उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी भाऊंचं फोटोचं दुकान होतं. पैसे सवडीने द्या म्हणाले आणि कॅमेऱ्याची पेटी खांद्यावर घेऊन माझ्याबरोबर डोंगर चढले. वर सगळ्या भिंती पडलेल्या. आमच्या खोलीत करवंदीची जाळी माजलेली, तिच्याखाली माझी चूल. पण देवीच्या अंगावर ताजा शेंदूर! लाकडाची मोळी घेऊन एक ठाकरीण उतरत होती. तिला विचारलं, तर हसली. "तुमी गेलात म्हनून देवी गेली काय? आमी हाव ना हितं."

भाऊ म्हणाले, "बहेनजी, देवीच्या बाजूला बसा. माणूस नाही तर दगड केवढा, कसं कळणार?" माझा कधी फोटो निघाला नव्हता. मी पदर तोंडावर ओढला. भाऊ कॅमेऱ्यामागचं काळं कापड डोक्यावर घेत म्हणाले, "तुम्ही पदरात लपणार, मी या काळ्या कपड्यात लपणार, मग फोटो काय देवी काढणार?" मला हसू फुटलं, पदर सुटला आणि तेवढ्यात फोटो निघाला.

काळा-पांढरा फोटो आला, तर देवी काळी ठिक्कर, जणू शेंदूर लागलाच नाही. ताजा शेंदूर डोळ्यांनी पाहिला, असं मी परोपरीने सांगितलं. हे म्हणाले, "रुसली ती," आणि भिंतीकडे वळले. मी चुलीपाशी बसले. देवीला म्हटलं, माझं सगळं करून झालं, आता तूच बघ.

थोड्या वेळाने हाक आली. "अगं, उजेडात ये जरा." फोटो हातात धरून हे माझ्या कपाळाकडे बघत होते. "तुझं कुंकू फोटोत काळं कसं?"

"मला काय ठाऊक?"

"लालच लावलं होतंस ना?"

"नाहीतर काय काजळ लावीन?"

यांना इतकं हसू आलं की पोट धरावं लागलं. "मग तीही लालच आहे गं! चल, दवाखान्यात चल."

कॅमेऱ्यात फोटोसाठी जी काच घालतात, तिच्यावर लाल रंग काळाच उतरतो, असं भाऊंनी नंतर सांगितलं. मला एवढंच कळतं, की माझ्या धडपडीने जे झालं नाही, ते सुटलेल्या पदराने झालं. तो कोणी सोडवला, ते मी विचारत नाही. हात जोडते.

ऑपरेशन नीट झालं. हे कामावर जाऊ लागल्यावर थोडेथोडे करून भाऊंचे पैसे फेडले. शेवटचा रुपया द्यायला हे स्वतः चालत गेले. भाऊंनी तो कपाळाला लावला आणि म्हणाले, "हिशोब पूरा."