हिरव्या बटणावरचा डबा

मी विरारजवळचं नंदाखाल सोडलं तेव्हा निम्मं गाव निरोप द्यायला फाटकावर उभं होतं आणि उरलेलं निम्मं माझ्या बॅगेत होतं. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, खारवलेले बोंबील, तीन प्रकारची लोणची, आतेने विणलेला आणि वाडीतल्या म्हशीलाही सैल होईल असा स्वेटर. एवढं घेऊन कॅनडाचं विमान उडालं कसं, हे पायलटला अजून कळलेलं नसावं.

पप्पांनी कपाळावर क्रूसाची खूण केली. गाडी सुरू झाली, काचा वर गेल्या, आणि नेमकं तेव्हाच त्यांना सगळ्यात महत्त्वाचं आठवलं. फाटकापासून चर्चच्या वळणापर्यंत ते गाडीबरोबर धावत काहीतरी सांगत होते. ओठ दिसत होते, शब्द नाही. मी हात हलवला. काय म्हणालात, हे पुढची एकोणीस वर्षं विचारलं नाही.

देवाला विनोद कळतो. कॅनडात मला नोकरी मिळाली ती असल्याच शब्दांची. संगणकाला एक ओळ लिहून सांगायचं, अमुक प्रोग्रॅम बसव. की तो प्रोग्रॅम, त्याचे वीस सोबती, सोबत्यांचे मेहुणे, सगळं आणून जागच्या जागी बसवणारा एक मुकादम असतो. त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. काम झालं की मुकादम शेवटी दोन ओळी सांगतो, ‘बसवलंय, पण चालू करण्याआधी अमुक एक गोष्ट करा, नाहीतर फसाल.’ त्या दोन ओळी माझ्याकडे. मी त्या लिहितो, तपासतो, रांगेत लावतो.

आणि त्या कोणीही वाचत नाही. वीस प्रोग्रॅम एकदम बसले की ओळी सरसर वर निघून जातात. म्हणून मी सगळ्या गोळा करून शेवटी दाखवल्या. तेव्हा लोक म्हणाले, फार लांबतं. मग महत्त्वाच्या ओळींना रंग दिला. तेव्हा म्हणाले, डोळ्यांना त्रास होतो. फसले की मात्र तक्रार माझ्याकडे, ‘आधी का नाही सांगितलं?’ अशा तक्रारी मी इतक्या वाचल्यात, की त्या छापून अंथरल्या तर टोरंटोपासून आमच्या शेजारच्या आगाशीपर्यंत पाय कोरडे ठेवून चालत येता येईल. बायको म्हणते, तू घरी बोलतोस तेही आता मी वाचत नाही. दमलो, एवढंच खरं.

गेल्या वर्षी ज्युलीचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, फोन आला. पप्पा वाडीत एकटेच असतात. विहिरीवरची मोटार सुरू करण्याआधी पंपात डबाभर पाणी ओतावं लागतं, कारण खालचा वॉल्व्ह गळतो. किती बदलले तरी गळतो, बहुतेक नवस बोललाय. पाणी न ओतता बटण दाबलं की पंप कोरडा फिरून जळतो. पप्पा हल्ली विसरायला लागले होते. दोनदा जळला होता.

“दादा, तिसऱ्यांदा जळला तर मी त्यांना विरारला फ्लॅटवर घेऊन जाणार. आज पंप विसरतात, उद्या विहिरीचा काठ विसरतील.”

तिचं चूक नव्हतं. पण चौथ्या मजल्यावर पप्पा म्हणजे कुंडीत लावलेली केळ. मी म्हटलं, थांब, सूचना लिहिणं हा तर माझा धंदा आहे. रजा काढली. चौदा पायऱ्यांचा कागद केला, मोठी अक्षरं, लॅमिनेशन, आणि नंदाखालला पोचून मोटारीच्या बटणाच्या बरोबर वर ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांना आणि ज्युलीला समोर उभं केलं आणि म्हटलं, “बघा, किती सोपं आहे.” आणि बटण दाबलं.

पंप असा किंचाळला की अर्नाळ्याच्या होड्या माघारी फिरल्या असतील. पप्पांनी झेप घेऊन लाल बटण दाबलं. जळता जळता वाचला.

“पाणी ओतलंस?” पप्पांनी विचारलं.

मी कागदाकडे बघितलं.

“कागद वाच ना रे तुझा. कोणीतरी फार मेहनतीने लिहिलाय.”

ज्युली इतकी हसली, की तिला काठावरून मागे ओढावं लागलं. (घरच्या बोलीत हे अजून झणझणीत होतं, इथे शाळेतल्या मराठीत उतरवलंय.)

पप्पा पंपापाशी पडलेला, तारेच्या कडीचा पत्र्याचा डबा घेऊन आले. बटणाच्या वर एक खिळा ठोकला आणि डबा असा टांगला, की हिरवं बटण त्यामागे पूर्ण झाकलं गेलं. “आता बटण दाबायचं तर डबा हातात घ्यावाच लागणार. हातात डबा आला की पाणी आठवतं. डोकं विसरतं रे, हात विसरत नाही.”

ज्युलीने अट घातली. रोज सकाळी पाणी सोडून झालं की पप्पांनी दोघांना ओल्या डब्याचा फोटो पाठवायचा. महिनाभर. एक दिवस डबा कोरडा दिसला, की विरार.

निघताना मी काच खाली ठेवली. पप्पा आता धावत नाहीत, फाटकाला धरून म्हणाले, “पोचलास की फोन कर.”

“त्या वेळी गाडीबरोबर धावत काय सांगत होतात?”

“हेच.”

परतल्यावर मी ऑफिसात मांडलं, सगळ्यात गरजेची सूचना शेवटी दाखवायचीच नाही. प्रोग्रॅम पहिल्यांदा चालू करायला हात गेला, की तिथेच अडवायचं. एक सहकारी म्हणाला, लोकांना अडवलेलं आवडत नाही. मी म्हटलं, जळलेलंही आवडत नाही. मंजूर झालं. तक्रारी थोड्या घटल्या. थोड्याच.

फोटो रोज येत होते. ओला डबा, ओला डबा. मग पहिल्याच शनिवारी संध्याकाळी जेवायला बसलो आणि फोटो आला. डबा कोरडा ठणठणीत. घास हातातच राहिला. मी फोन लावला.

“पप्पा, पाणी ओतलं नाही? मोटार लावली की काय?”

“अरे, इथे रविवार उजाडलाय. चर्चमध्ये मिस्सेला निघालोय. रविवारी मोटारीला कधी हात लावलाय आपण?”

माझ्याच घरचा रविवार मी विसरलो होतो. “मग फोटो कशाला पाठवलात?”

“तू वाट बघत असशील म्हणून.”

महिना संपला, अट संपली, पप्पा वाडीतच आहेत. फोटो अजून येतात. घर कुठे, असं कोणी विचारलं तर मी पूर्वी खूप लांबवून सांगायचो. आता फोन उघडून डबा दाखवतो. ओला की कोरडा, ते बघून इथला वार ठरवतो.