बंद अॅम्प्लिफायरमधला करंट

अच्युत चिंचाळकरांच्या शर्टाच्या खिशात कधी पेन दिसला नाही, टेस्टर मात्र कायम असायचा. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले तरी ती सवय सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी ते त्या घरच्या फ्रिजला, कूलरला टेस्टर टेकवून बघत. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात लोक त्यांना टेस्टरकाका म्हणायचे आणि पाठीमागे हसायचे.

हसणाऱ्यांना दयारामची गोष्ट ठाऊक नव्हती. दयाराम त्यांचा नोकरीतला जोडीदार. एकदा तो म्हणाला होता, "साब, ये मशीन थोड़ा झटका मारती है." अच्युतकाकांनी हसून उडवून लावलं होतं. चौथ्या दिवशी दयाराम त्याच मशीनपाशी मरून पडलेला सापडला.

त्यांचा दुसरा नाद स्टिरिओचा. कान तयार होता. खोलीच्या मधोमध उभं राहून ते दोन टाळ्या वाजवत, आवाज कुठे घुमतो ते ऐकत आणि मगच स्पीकर कुठे ठेवायचे ते सांगत. छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि भोपाळहून, नागपूरहून ऑफिसची माणसं बिऱ्हाडं घेऊन आली. जुन्या घरांवर घाईघाईने खोल्या चढल्या. नव्या बिऱ्हाडांत नवे अॅम्प्लिफायर आले आणि अच्युतकाकांना रिटायर झाल्यावर पुन्हा काम मिळालं.

दोन हजार एकच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी शेखरने त्यांना बोलावलं. शेखर नागपूरचा, नव्या मंत्रालयात स्टेनो. दत्तोपंतांच्या घरी वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको राधिका भाड्याने राहत होते. अॅम्प्लिफायर आदल्या दिवशीच आला होता आणि संध्याकाळी सहाला शेखरचे साहेब जेवायला यायचे होते.

"काका, पाच वाजेपर्यंत वाजलं पाहिजे बरं," शेखर तीनदा म्हणाला.

"घाई नको करू. घाईत तार उलटी लागते."

पण घाई त्यांनाही लागलीच. एक स्पीकर कपाटाजवळ, दुसरा खिडकीच्या अलीकडे. तारांची टोकं सोलली, मागच्या खटक्यांत अडकवली, सीडी प्लेअर जोडला. अॅम्प्लिफायरचा तीन पिनांचा प्लग भिंतीत खोचला. बटण अजून बंदच होतं. सरळ ठेवावा म्हणून त्यांनी अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"शेखर, भिंतीवरचं बटण बंद आहे ना?"

"बंदच आहे. काहून?"

त्यांनी टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा लाल पेटला. प्लग उपसला, दिवा विझला. पुन्हा खोचला, पुन्हा पेटला.

"नवा पीस खराब निघाला का?" शेखरचा चेहरा पडला.

अच्युतकाका उठून राधिकाच्या फ्रिजपाशी गेले, त्याचंही बटण बंद केलं आणि दाराला टेस्टर टेकवला. दिवा पेटला.

"तुझा अॅम्प्लिफायर चांगला आहे. अर्थिंगच्या तारेतून करंट येऊन राहिला. ती तार जमिनीत गेली पाहिजे, ती कुठेतरी तुटली असंल. आता या घरात ज्याले ज्याले तीन पिनांचा प्लग आहे, त्याच्या अंगात वीज आहे. कोणाला काही जाणवलं का इथे?"

राधिका स्वयंपाकघरातून बाहेर आली. "परवापासून खाली दत्तोपंतांच्या सूनबाई, इंदूवहिनी म्हणत होत्या, कूलरले हात लावला की मुंग्या येतात."

"पाणी कधी टाकतात त्या कूलरमध्ये?"

"नळ आला की. चार वाजता."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. काकांनी दोन्ही प्लग उपसले, शेखरला कशालाच हात लावू नको म्हणून बजावलं आणि जिना उतरले.

खाली बैठकीत घरमालक दत्तोपंत पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. घराणं जुनं, आब मोठा. खिडकीबाहेर अंगणात लोखंडी स्टँडवर कूलर धडधडत होता. त्याची वायर खिडकीतून आत येऊन पलंगामागच्या प्लगमध्ये गेली होती.

"दत्तोपंत, कूलर बंद करा. आणि मेन स्विचही पाडा. घरच्या अर्थिंगमध्ये करंट आहे."

दत्तोपंतांनी चष्म्यावरून पाहिलं. "बसा, बसा. चव्वेचाळीस डिग्रीत लाइन बंद करू म्हणता?"

"हो. आत्ताच."

"अच्युतराव, हे वायरिंग आमच्या वडिलांनी उभं राहून करून घेतलं. तीस वर्षांत कोणाला काही झालं नाही. वरच्या भाडेकरूचं गाणं वाजेना, म्हणून माझ्या घरात दोष?"

"सूनबाईंना मुंग्या येतात म्हणे."

"मी तिला सांगितलं, चपला घालून पाणी टाकत जा. तुम्ही रेल्वेतले लोक जिकडेतिकडे लाल झेंडी दाखवता. सरबत घ्या आधी."

प्लग तीन पावलांवर होता. अच्युतकाकांना तो दिसत होता. पण दुसऱ्याचं घर, वयाने मोठा माणूस, त्याच्या पलंगामागे हात घालायचा कसा? ते खुर्चीच्या कडेला टेकले. सरबताचा पेला हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून समजावू लागले. कूलरमधल्या पंपाची तार झिजली असेल, ती पत्र्याला लागली असेल. दत्तोपंत मान हलवत होते, ऐकत नव्हते. बाहेर नळाचा आवाज सुरू झाला होता, पण कूलरच्या धडधडीत तो कोणालाच ऐकू आला नाही.

मग बादली आपटली.

दोघांनी एकदमच खिडकीकडे पाहिलं. इंदू कूलरसमोर उभी होती. पाय अनवाणी, फरशी ओली. उजव्या हाताची बोटं कूलरच्या जाळीत घट्ट रुतलेली. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता.

"इंदू!" दत्तोपंत दाराकडे धावले.

"हात लावू नका! तुम्हीही चिकटाल!"

दत्तोपंत थांबले नाहीत. त्यांना धरायचं की प्लग काढायचा? अच्युतकाकांनी पेला टाकला, पलंगाला खांदा लावून तो ढकलला आणि भिंत आणि पलंगाच्या मधल्या फटीत हात खुपसला. प्लग घट्ट बसला होता. वायरच दोन्ही हातांनी धरून त्यांनी झटक्याने ओढली. प्लग भिंतीतून निघून कपाळावर आदळला. कूलरचा पंखा घरघरत थांबत गेला आणि बाहेर इंदू मागच्या मागे कोसळली. दत्तोपंतांचा पुढे केलेला हात तिच्यापासून वीतभर लांब होता.

शेखर आणि राधिका जिन्यावरून धावत आले. इंदूचा श्वास चालू होता, पण अडखळत. राधिकाने तिचं डोकं मांडीवर घेतलं, शेखरने रस्त्यावरून ऑटो आणला. साहेब सहाला आले तेव्हा घराला कुलूप होतं.

इंदू वाचली. तळहात भाजला होता, दोन बोटांना टाके पडले. इलेक्ट्रिशियनने दुसऱ्या दिवशी न्हाणीघरामागची फरशी उकरली. भाडेकरूंसाठी नवं न्हाणीघर बांधताना गवंड्याने अर्थिंगची तार तोडून तशीच पुरून टाकली होती. तिचं टोक सिमेंटमध्ये कोरडंच अडकलेलं होतं.

सगळे अच्युतकाकांचं कौतुक करत होते. काकांना ते सोसेना. तिसऱ्या दिवशी ते एकटेच दवाखान्यात गेले.

"इंदू, तुला एक सांगायचं आहे. मले माहीत होतं. तुले झटका लागायच्या आधी मी आत बसलो होतो. दहाएक मिनिटं. प्लग समोर दिसत होता."

इंदूने त्यांच्याकडे पाहिलं. "मग काढला काहून नाही?"

"दत्तोपंत, तुझे मामाजी, रागावतील म्हणून."

तिने पाणी मागितलं. काकांनी पेला तिच्या ओठांना लावला आणि तिने तो सगळा पिऊन संपवला. ती त्यांना माफ करते आहे की नाही, हे काकांना त्या दिवशी कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही.

दत्तोपंतांनी अंगणात अर्थिंगसाठी नवा खड्डा खणून कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी घालून घेतली. त्या कामावर ते दोन दिवस स्वतः छत्री घेऊन उभे होते. काम संपलं तेव्हा खाली मान घालून काकांना एवढंच म्हणाले, "एकदा तुम्ही तपासून घ्या."

बाराव्या दिवशी अच्युतकाका शेखरकडे वर गेले. अॅम्प्लिफायरच्या पत्र्यावर त्यांनी पूर्ण तळवा ठेवला. काही नाही. बटण दाबलं, सनईची सीडी लावली. आवाज आला, पण पोकळ, सगळ्या खोलीत विखुरलेला. दोनच मिनिटांत त्यांनी चूक शोधली. खिडकीकडच्या स्पीकरच्या तारा त्यांनीच उलट्या लावल्या होत्या. त्या बदलल्याबरोबर सनई दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधे, समोरच्या भिंतीपाशी कोणी बसून वाजवावी तशी उभी राहिली.

दारात इंदू होती. उजवा हात बांधलेला. ती आत आली, पण भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध बसली. घरी आल्यापासून तिने एकाही बटणाला हात लावला नव्हता. पंखासुद्धा नवरा लावून द्यायचा.

"आवाज थोडा मोठा कर," काका म्हणाले.

"नाही. तुम्ही करा."

काका अॅम्प्लिफायरशेजारी खाली बसले. पत्र्यावर पुन्हा तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. सनईचा एक तुकडा संपला, दुसरा सुरू झाला. राधिकाचा चहा निवला. मग इंदू उठली, अंग चोरत पुढे आली, डाव्या हाताच्या दोन बोटांनी तिने ते गोल बटण धरलं, डोळे मिटले आणि केसभर फिरवलं. आवाज जेमतेम वाढला. तिने डोळे उघडून आपल्या बोटांकडे पाहिलं आणि आणखी थोडं फिरवलं.

त्यानंतर अच्युतकाका बदलले. कोणाच्या घरी टेस्टरचा दिवा पेटला की न विचारता सरळ मेन पाडायचे, मग बूट काढायचे, मग कारण सांगायचे. एका लग्नघरी तर त्यांनी ऐन मंगलाष्टकांत लाइन घालवली. म्हातारा उद्धट झाला, असं तात्यापाऱ्यात लोक म्हणू लागले. हे त्यांच्या कानावर येई आणि ते म्हणत, "हव, झालो."