रॅमची समान वाटणी

मैत्रिणींनो, आज दुपारचं सांगते.

पुतणी स्वाती घरांचे थ्रीडी आराखडे करते. तिच्या कम्प्युटरसाठी काल मी वाशीमहून रॅमच्या एकाच वेगाच्या दोन स्टिक निवडून आणल्या. दोन्ही लावल्या तरच मोठी फाइल पेलते.

भाऊजींनी पाकीट फोडून एक तिला दिली, दुसरी गेम खेळणाऱ्या मुलाला.

"दोघंबी माह्येच लेकरं."

"भाऊजी, बैलजोडी फोडून वखरणी होते का?"

"तिले कायले जोडी? ते उद्या सासरी जाईन."

आज नोकरीसाठीचं चाचणीचं काम करताना तिचा कम्प्युटर बंद पडला. वेळ संपली, नोकरी हुकली.

भाऊजी जेवता जेवता म्हणाले, "म्हटलं होतं, पोरीले नाई जमत."

आमच्याकडे याला समान वाटणी म्हणतात. तुमच्याकडे?