अप्पांची बस

माझे सासरे फौजेतून निवृत्त झाले असं सरकारी कागदावर लिहिलेलं होतं. त्या कागदाखेरीज जगात कुणालाच ते पटलं नसतं. सासूबाई गेल्यावर अप्पा साताऱ्याकडचं गाव सोडून कतारला, दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले आणि आठवड्याभरात त्या फ्लॅटची छावणी झाली. चादरींच्या घड्या कोपऱ्याला कोपरा जुळवून पडू लागल्या, चहा मिनिटाच्या काट्यावर आला, आणि माझ्या पोटाकडे बघून अप्पा रोज एकदा नुसतं "हं" म्हणू लागले. त्या एका "हं"पायी मी दोन महिने भात सोडला. त्यांच्या लेखी जावई म्हणजे नवा रंगरूट, आणि तोही वशिल्यानं भरती झालेला.

पण खरा सोहळा असायचा सकाळी सहाला, इमारतीखाली. माझी मुलगी इरा शाळेला निघायची, आणि अप्पा कडक इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट घालून तिच्याआधी थांब्यावर हजर. तिची नखं, वेणी, पाण्याची बाटली तपासायची, मग बसभोवती फेरी मारून चारी चाकं बघायची आणि हात वर करून म्हणायचं, "गाडी रवाना." त्याशिवाय बस हलत नसे. नेपाळी ड्रायव्हर "जी, सुभेदार साब" म्हणून सलाम ठोकायचा. इरा आमच्या मराठीला इंग्रजीतून उत्तरं देते, पण या तपासणीत तिची ती बिशाद नव्हती. एकदा तिच्या बुटांना पॉलिश नव्हतं म्हणून अप्पांनी तिला परत वर पिटाळलं आणि भरलेली बस थांबवून ठेवली. शाळेकडून मला खरमरीत ईमेल आला. तो वाचून दाखवला तर अप्पा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, लिवा त्यास्नी. उशीर झाला खरा, पन बूट चमाकत हुते."

पुढे उन्हाळा तापला आणि थांब्यावरच त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी खाली उतरायला बंदी घातली, बायकोनं त्यांचे बूट लपवले. दुसऱ्या दिवशी अप्पा माझे ऑफिसचे बूट घालून थांब्यावर. मी मोज्यांवरच खाली धावलो आणि चिडून विचारलं, "अप्पा, एक दिवस नाही आलात तर काय बिघडतं?"

बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते तिच्याकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "माज्या लेकीला साळंला जाताना म्या येकदा बी बगितलं न्हाई. मी सुट्टीवर याचो, तवा नेमकी तिच्या साळंला बी सुट्टी. आता ह्या पोरीची येक बी बस चुकवायची न्हाई."

मी निमूटपणे थांब्यावर सावलीत एक खुर्ची नेऊन ठेवली. तिच्यावर ते कधी बसले नाहीत, ती गोष्ट निराळी.

यंदा मार्चमध्ये अप्पा चार दिवसांसाठी म्हणून गावी गेले आणि तिथेच झोपेत गेले. सगळं आटोपून आम्ही दोह्याला परतलो. इथे शाळेचा आठवडा रविवारी सुरू होतो; त्या पहिल्या रविवारी इराला सोडायला मी खाली उतरलो तो पायात सपाता, केस विस्कटलेले. इरा चढली, दार मिटलं, पण बस हलेना.

"क्या हुआ, भाई?"

ड्रायव्हर समोर बघत म्हणाला, "साब, ऑर्डर नहीं मिला."

खिडकीतून इरा म्हणाली, "बाबा, चाकं बघायची राहिली."

मी सपाता फटफटवत बसभोवती फेरी मारली. चारी चाकं नीट वाकून बघितली. हात वर केला, पण आवाज फुटायला जरा वेळ लागला. ड्रायव्हर तेवढा वेळ थांबला.