सुमनमावशी व्हर्जिनियाच्या नव्हत्या

काल फ्युनरल होमच्या बोर्डवर खोटं लिहिलं होतं.

‘सुमन पाटणकर, व्हर्जिनिया.’

मावशी व्हर्जिनियात एक दिवससुद्धा राहिल्या नाहीत. हट्टाने राहिल्या नाहीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कॅनडात, एडमंटनला मी ज्या घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो, त्या मकरंददादाच्या या आई. मी लंडनचं कॉलेज अर्धवट सोडून (ओंटारिओतलं लंडन, उगाच इम्प्रेस होऊ नका) तिकडे जाऊन पडलो होतो. दादा आणि वहिनी दिवसभर ऑफिसात. मग ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचा मी, आणि मावशींना ग्रोसरीला न्यायचं तेही मीच.

मला हाक मारायच्या ‘भटक्या’. प्रेमाने. बहुतेक.

मावशींचं सगळं आयुष्य वॉशिंग्टन डी.सी.मध्ये गेलं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी. काका गेल्यावर दादाने त्यांना इकडे, एडमंटनला आणलं. त्या मात्र सगळ्यांना सांगायच्या, मी इथे तात्पुरती आहे.

इथे वॉशिंग्टन म्हटलं की लोकांना पश्चिमेकडचं ते वॉशिंग्टन राज्य वाटतं. म्हणतात, ओह, सिएटल!

मावशी म्हणायच्या, “नो, द अदर वन. ज्याला कोणी मोजत नाही ते.”

मला हे पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी गाडीत, हीटर गरम होईपर्यंत, समजावलं. अमेरिकेची राजधानी कुठल्याच राज्यात नाही आणि स्वतः राज्यही नाही. म्हणून तिथल्या लोकांना सिनेटर नाही. खालच्या सभागृहात एक प्रतिनिधी जातो, तो बोलू शकतो, पण कायदा पास होताना त्याला मत नाही. टॅक्स मात्र पूर्ण.

मला वाटलं, म्हातारी थापा मारतेय. गूगल केलं. खरं निघालं.

नदी ओलांडली की व्हर्जिनिया. तिथे सिनेटर, चांगल्या शाळा, मोठी घरं, आणि झाडून सगळे मराठी लोक. काकासुद्धा मागे लागले होते. मावशी हलल्या नाहीत. कोणीतरी सुचवलं, निदान तिकडे राहणाऱ्या भाचीचा पत्ता दे, मत तरी मिळेल. तर म्हणाल्या, मग ते मत भाचीच्या घराचं झालं, माझं कुठे?

आणि आपले लोक नदीपलीकडे का गेले, तर अलीकडे काळे शेजारी होते म्हणून, हेही त्या इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात, श्रीखंड वाढताना, सरळ बोलायच्या. मग त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी. मला बरंच. मी तिथे बसून दोन वाट्या हाणायचो.

विषय भरकटला. नंबर प्लेटचं सांगायचं होतं.

अल्बर्टात, म्हणजे एडमंटनच्या राज्यात, गाडीला फक्त मागे प्लेट लागते, पुढची जागा मोकळी असते. मावशींनी बॅगेतून आपली जुनी डी.सी.ची प्लेट काढली आणि दादाच्या जुन्या गाडीला पुढे माझ्याकडून बसवून घेतली. तिच्यावर खाली छापलेलं, ‘टॅक्सेशन विदाउट रिप्रेझेंटेशन’. कर घेता, पण आमच्या माणसाला मत देत नाही, हे सरकारी प्लेटवरच. दादाला लाज वाटायची. एकदा पोलिसाने थांबवून विचारलं, तर मावशींनी काच खाली करून त्याला एवढं लांबलचक सांगितलं की शेवटी तोच सॉरी म्हणून गेला.

२०१६ मध्ये तिथे मतदान झालं. आपलं शहर राज्य व्हावं का? मावशींची मतपत्रिका पोस्टाने आली. त्यांनी काळी शाई शोधायला मला दुकानात पिटाळलं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं जग राष्ट्राध्यक्षपदाच्या निकालाने सुन्न बसलेलं. मावशी जिना उतरून बेसमेंटमध्ये आल्या. गुडघे दुखत असताना.

“आमचं काय झालं ते बघ.”

मी फोनवर शोधलं. म्हटलं, मावशी, हो झालंय. दणदणीत हो.

त्या माझ्या खुर्चीवर, कपड्यांच्या ढिगावरच बसल्या. डोळे पुसले. मग म्हणाल्या, “आता?”

मी वाचून सांगितलं, आता काँग्रेसने, म्हणजे त्यांच्या संसदेने, मान्य करायला हवं.

“तिथे आपलं कोण?”

“एक जण. मत नसलेला.”

मावशी हसल्या. “म्हणजे सुनेच्या घरातली सासू. बोल म्हणतात, मोजत नाहीत.”

त्या दिवशी त्यांनी तरीही शिरा केला.

पुढे काहीच झालं नाही. दर काही दिवसांनी विचारायच्या, काही बातमी? मी नाही म्हणायचो. मी एडमंटन सोडून रेजिना शहरात राहायला आल्यावर फोनवरही तेच. हा प्रश्न काढला की दादा म्हणायचा, आई, लेट इट गो.

दादा वाईट नाही. काल लहान पोरासारखा रडत होता. पण तो त्याच शहरात वाढलाय, राव.

मी बोर्डकडे बोट दाखवलं. म्हटलं, दादा, हे चुकलंय.

तो म्हणाला, “अरे, वॉशिंग्टन लिहिलं की लोकांना सिएटल वाटतं. व्हर्जिनिया इज क्लोज इनफ.”



नदीच्या अलीकडे त्या बाईने आयुष्य काढलं, आणि जाताना पोटच्या पोराने पलीकडे नेऊन सोडलं. सोयीसाठी.

पार्किंगमध्ये गाडी उभी होती. पुढे नुसती स्क्रूची भोकं. गाडी विकायचीय, म्हणून प्लेट काढून डिकीत टाकलेली. विचारलं, नेऊ? दादा म्हणाला, ने ना, कचराच आहे.

रेजिनाच्या बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो. माझ्याकडे गाडी नाही. मी कॅनडाचाही मतदार नाही अजून. पण ठेवणार.

मंडळाने मावशी गेल्याची जी नोटीस काढलीय, त्यातही ‘व्हर्जिनिया’च आहे; ती ज्यांनी ज्यांनी हात जोडून शेअर केलीय, त्यांनी कृपा करून दुरुस्त करा. तेवढंच मागतोय.

मावशी, अजूनही काही बातमी नाही.

सुमन पाटणकर.
राहणार वॉशिंग्टन डी.सी.

या, मावशी.