एकच प्रत
लेझर प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला शनिवार पेठेतलं आमचं डीटीपीचं दुकान आठवतं. एक निवृत्त शिक्षक तिथे आपल्या वारलेल्या बायकोच्या आठवणी सांगायला बसायचे आणि मी त्या टाइप करायचे. "शंभर प्रती काढू, पण आधी मुलाने वाचायला हवं," ते म्हणाले. मुलगा अमेरिकेत होता, म्हणून मी पीडीएफ ईमेलने पाठवली. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, 'बाबा, एका बैठकीत वाचलं. डोळे भरून आले. छापा.' सरांनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग छपाईसाठी मी तीच फाईल दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, तर मराठीच्या जागी पानभर इंग्रजी अक्षरं आणि चौकोन. आमचा मराठी फॉन्ट फाईलसोबत गेलाच नव्हता, तो फक्त माझ्या कॉम्प्युटरवर होता. सर मागेच उभे होते. "त्यालाही असंच दिसलं असेल?" मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "सर, फॉन्ट घालून परत पाठवते ना." "कशाला? वाचलंय की त्याने," ते म्हणाले. "आणि एकच प्रत काढा." आता फॉन्ट आपोआप फाईलमध्ये जातो, पण गिऱ्हाइकाला 'किती प्रती?' विचारणं मला अजून जड जातं.