मेंदूखालचं कडं

बाबांनी मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात एकतीस वर्षं काढली. हुद्दा शिपायाचा, काम कारागिराचं. देहदानात आलेल्या प्रेताच्या मानेतल्या रक्तवाहिन्यांतून ते लाल रंग चढवत आणि तो घट्ट झाला की कवटी उघडून मेंदू अख्खा बाहेर काढत. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं, आणि वेळ आली की मामा बनवायचंही.

मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. पुस्तकात ते कसं, गोल आणि अखंड. बाबांच्या हाताखालून गेलेल्या निम्म्याहून जास्त मेंदूंत ते तसं नव्हतंच. कुठे एखादी फांदी दोऱ्याएवढी बारीक, कुठे मुळात नाहीच. मोठमोठे विद्वानही इथे चुकलेत. जनावरांच्या मेंदूखाली रक्तवाहिन्यांचं जाळं दिसलं, म्हणून माणसातही ते आहे असं हजारावर वर्षं शिकवलं गेलं. लोकांना याचं हसू येतं, मला संताप येतो. कारण स्वतः न बघता शिकवायची ती खोड अजून गेलेली नाही.

बाबांच्या निवृत्तीच्या वर्षी कॉलेजची तपासणी होती. संग्रहालयासाठी बाबांनी काढलेल्या मेंदूत कड्याची मागची एक फांदी नव्हती. विभागप्रमुखांनी ट्रेमध्ये धड पाहिलंही नाही. पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "मामा, तोडलीत ना?"

"साहेब, तुटली असती तर टोक दिसलं असतं. इथं काहीच नाही, बघा तरी."

"म्हणजे पुस्तक खोटं आणि तुम्ही खरे?"

दुसऱ्या दिवशी मेमो आला. निष्काळजीपणामुळे नमुन्याचं नुकसान झालं, कबुलीची सही करा. वर तोंडी हुकूम, लाल मेणाची फांदी करून चिकटवा.

बाबांनी ती केली, आणि इतकी हुबेहूब केली की माझं डोकंच फिरलं. "नाही ते नाही, असं जन्मभर म्हणालात ना? आता कुठे गेलं ते?" मी भरल्या ताटावरून ओरडले.

"निवृत्तीला चार महिने राहिलेत, पोरी. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

ही म्हण ज्यानं काढली, त्यालाच आधी मेमो द्यायला हवा होता. सही मात्र बाबा करेनात. मेमो शर्टाच्या खिशात घेऊन हिंडायचे. "मी तोडलेली नाही," एवढंच म्हणायचे.

पुढचं मला कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीनं सांगितलं. तपासणीच्या सकाळी साहेबांनी तो मेंदू वर्गापुढे ठेवला. ती वाकून बघत म्हणाली, "सर, अगदी पुस्तकातल्यासारखं आहे!"

"असतंच तसं," साहेब म्हणाले.

बाबा मागे हात पुसत उभे होते. ते पुढे आले, चिमट्यानं मेणाची फांदी उपटली आणि ट्रेच्या काठावर ठेवली. मग खिशातला मेमो काढून त्यांनी सगळ्यांसमोर सही केली.

"घ्या साहेब," ते म्हणाले, "आत्ता तोडली."